देवाच्या अंगावरची लाख

परवा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका माळकरी कारागिराने वीतभर लाकडी विठ्ठलमूर्ती पुढे ठेवून विचारले, "महाराज, ही लाख किड्याची. देवाच्या अंगाला चालते का?" आम्ही घाईने "चालते" म्हणून मोकळे झालो. मन मात्र मोकळे होईना.

चपडा लाख स्पिरिटात विरघळवून कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हातावर हात देतात, तेव्हा कोरीव बोटाबोटांत झळाळी उतरते. ती लाख पळस-कुसुंबाच्या फांद्यांवर किडे स्रवतात. पिले बाहेर पडल्यावर फांदी तोडली, तर माता आपल्या मरणाने गेलेल्या असतात. आधी तोडली, तर पिलांसकट जातात. दुकानदार हे कोठे सांगतो? मनूनेही १० व्या अध्यायात ब्राह्मणाला लाखेचा विक्रय मांसाच्या पंक्तीला बसवून निषिद्ध केला आहे. पाठशाळेत घोकलेले ऐन वेळी आठवले नाही.

आणि आमचे रेशमी सोवळे? कोष आतल्या जिवासकट उकळून काढलेले! ते नेसून आम्ही पूजा करतो, अन् त्या गरिबाला निवाडा देतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटले, "बाबा, कालचे उत्तर परत घेतो. जवसाचे तेल चोळून पाहा. झळाळी कमी येईल."

"गिऱ्हाईक घेईल का, महाराज?"

एक मूर्ती आम्ही सांगून आलो. बाकीच्यांचे काय, हे त्याचे म्हणणे खरेच आहे.