याप्य व्याधी आणि नियत कर्म

मरण समोर उभे राहिले असता धैर्य धरणे कठीण आहे खरे. परंतु मरण समोरही येत नाही आणि पाठही सोडत नाही, अशा स्थितीत वर्षानुवर्षे कर्तव्य करीत राहणे त्याहून कठीण होय.

चंदीगड येथे १९६२ साली स्थापन झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत पंजाब, हरियाणा, हिमाचल इत्यादी प्रांतांतून असंख्य रोगी येतात. फुफ्फुसातील कार्सिनॉइड नामक अर्बुद हा त्यांतील एक विरळा रोग. फुफ्फुसाच्या एकंदर अर्बुदांत याचे प्रमाण सुमारे १ ते २ टक्के. श्वासनलिकांच्या अस्तरात संप्रेरके स्रवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यापासून ते उद्भवते आणि बहुधा अतिशय मंद गतीने वाढते. एकच गाठ वेळीच कापून काढली, तर पुष्कळांस आराम पडतो. तथापि दहा वर्षांनंतरही रोग उलटल्याची उदाहरणे असल्याने तपासणी चालूच ठेवावी लागते. गाठ काढता येत नसेल किंवा पसरली असेल, तर औषधांनी तिची गती रोखून तिच्यासह जगावे लागते.

आपल्या आयुर्वेदाने अशा अवस्थेस ‘याप्य’ हे नाव दिले आहे. पूर्ण बरा होत नाही, परंतु पथ्य व उपचार यांनी आटोक्यात राहतो, तो रोग याप्य. कोसळू पाहणाऱ्या घरास नीट लावलेला टेकू जसा सावरतो, तसा उपचार अशा रोग्यास सावरतो, असा सुश्रुताचा दृष्टान्त आहे. टेकू दिलेल्या घरातही चूल पेटते, मुले वाढतात, अतिथीचा सत्कार होतो.

प्रश्न असा की, अशा रोग्याने संसारातील कर्मे करावीत की सोडावीत? भगवंतांनी अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘सर्व देवाच्या हाती’ असे म्हणून जो तपासणी व औषध टाकतो, तो स्वतःस शरणागत समजतो. वस्तुतः मोहाने केलेला हा तामस त्याग होय. ‘आता किती दिवस उरले’ या भयाने जो मुलीचे शिक्षण, शेतीवाडी, व्यवहार सारेच सोडून बसतो, तो स्वतःस विरक्त समजतो. परंतु शरीरक्लेशाच्या भयाने केलेला त्याग राजस असून त्याचे फळ मिळत नाही. कर्म करावे, आसक्ती आणि फलाशा तेवढी सोडावी, हाच सात्त्विक त्याग.

यावर कोणी म्हणेल, जिना चढताना ज्याला धाप लागते, त्याला कर्माचा उपदेश करणे निर्दयपणाचे नाही काय? परंतु नियत कर्म म्हणजे कालचेच कर्म नव्हे. देहाची शक्ती पालटली की कर्माचे रूपही पालटते. ज्याला नांगर धरवत नाही, त्याने मुलास शेताची पारख शिकवावी. तेही न झाले, तर वेळेवर औषध घेणे आणि सेवा करणाऱ्यांशी गोड बोलणे, हेही कर्मच आहे. घरच्यांचेही एक कर्तव्य आहे: प्रेमाच्या भरात रोग्याच्या हातचे प्रत्येक काम काढून घेऊ नये. ज्याला कोणी काही विचारीत नाही, तो जिवंतपणीच घरातून उठून जातो.

पुढील तपासणीत काय दिसेल, हे फळ आहे. ते कोणाच्याही हाती नाही. दोन तपासण्यांमधील काळ मात्र कर्माचा आहे. तो केवळ वाट पाहण्यात घालवू नये. दीर्घायुषी म्हणविणाऱ्या निरोगी मनुष्याच्या हातीही याहून वेगळे काय आहे?