पाहणारे कोणी नसताना



आपल्या धर्मग्रामातील बरीच मुले-मुली आता कॅनडात स्थायिक झाली आहेत. जुलै-ऑगस्ट आला की त्यांचे सहलीचे फोटो घरोघरी येऊ लागतात. असेच एका घरी आम्हाला फोटो दाखवण्यात आले. मागे तळे, तळ्याकाठी स्प्रूसची काळसर झाडे, बाजूला ज्या गाडीतच झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असते तशी मोटरहोम, आणि पुढे नातवाच्या हातात चांगला हातभर मासा. फोटो काढून झाल्यावर त्याने तो पाण्यात परत सोडला, असे आईने सांगितले. त्यावर आजी म्हणाल्या, "सोडायचाच होता, तर धरला कशाला?"

आजींचा प्रश्न खोटा नाही, आणि त्यावर पुन्हा कधीतरी लिहायला हवे. आम्हाला मात्र त्या दिवशी दुसराच प्रश्न पडला. मासा त्याने ठेवला असता तरी तिथे त्याला विचारणारे कोणी नव्हते. मग त्याने तो सोडला का?

हे ठिकाण कसे असते ते आधी सांगतो. ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तरेकडे शॅप्लो नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या पलीकडे १९२५ साली सरकारने जंगलाचा एक मोठा भाग राखीव केला. त्याचे क्षेत्र ७ लाख हेक्टरांहून अधिक आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या पालघर जिल्ह्यापेक्षा मोठे. तिथे शिकारीला बंदी आहे. मूस, काळी अस्वले, लांडगे, बीव्हर हे सगळे तिथे राहतात. मासेमारीला मात्र परवाना काढून मुभा आहे. आतल्या मिसिनायबी तळ्यापर्यंत पोहोचायला खडीच्या रस्त्याने ८० किलोमीटरहून अधिक जावे लागते. अशा ठिकाणच्या मुक्कामात विजेची जोडणी नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही. जून महिन्यात काळ्या माश्या आणि डास माणसाला फोडून काढतात. तरी लोक हौसेने जातात. शहरात सतत कोणाच्या तरी नजरेखाली काम करणाऱ्यांना ती शांतता हवीशी वाटत असणार.

मोटरहोमच्या पोटात साधारणपणे सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. एकीत भांडी-आंघोळीचे पाणी जाते, दुसरीत शौचालयाचे. त्या भरल्या की ठरवून दिलेल्या जागी नेऊन रिकाम्या करायच्या असतात. ती जागा पुष्कळदा मागे, गावाजवळ राहिलेली असते. इकडे टाकी भरत आली आहे, रात्र झाली आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि झडप उघडायला दोन मिनिटे पुरतात.

माशांचेही तसेच. वॉलआय नावाचा तिकडचा आवडता मासा घ्या. या भागातील बहुतेक तळ्यांत पूर्ण परवाना असलेल्याला तो चार ठेवता येतो, आणि त्यांपैकी ४६ सेंटिमीटरपेक्षा मोठा एकच. ही मर्यादा केवळ त्या दिवशीच्या पिशवीची नाही. घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलेले मासेही तिच्यात मोजतात. तुकडे करताना कातडीचा थोडा भाग तसाच ठेवायचा, म्हणजे तपासणाऱ्याला मासा कोणता ते ओळखता यावे. यापेक्षा स्वस्त असा दुसरा परवाना मिळतो, त्यात मर्यादा कमी असते; पोटापुरते पुरे म्हणून अनेकजण तोच घेतात. अधिकारी असतात, ते तपासणीही करतात. पण एवढ्या मोठ्या अरण्यात आठ दिवस राहून एकही अधिकारी दिसला नाही, असे सहज घडू शकते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथातील अंगठीची गोष्ट अभ्यासावी लागली होती. ग्लाउकॉन हा तरुण सॉक्रेटिसाला ती सांगतो. लिडिया देशातल्या एका मेंढपाळाला धरणीकंपाने पडलेल्या भेगेत एका प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे फिरवला की तो अदृश्य होतो. एवढे कळल्यावर तो राजवाड्यात जातो, राणीला वश करतो, राजाला ठार करतो आणि राज्य घेतो. ग्लाउकॉन म्हणतो, अशा दोन अंगठ्या असत्या आणि एक सज्जनाला, एक दुर्जनाला दिली असती, तर दोघेही एकाच वाटेने गेले असते. माणूस न्यायाने वागतो तो पकडला जाईल म्हणून, एवढेच.

उत्तरेच्या त्या जंगलात प्रत्येकाच्या बोटात ही अंगठी असते. आणि ग्लाउकॉनचे म्हणणे पुरते खरे नाही, हे आजींच्या नातवाने एका माशापुरते तरी दाखवले. पुरते खोटेही नाही, हे तळ्याकाठी लोक मागे टाकून जातात तो कचरा पाहून मान्य करावे लागते.

अशा वेळी आपण मुलांना चटकन सांगतो, "कोणी पाहत नसले तरी देव पाहतो." हे खरेच आहे, आम्हीही धर्मशिक्षणाच्या वर्गात ते सांगतो. पण तेवढ्यावरच थांबलो, तर आपण देवाला अधिक चांगली दुर्बीण असलेला वनाधिकारी करून ठेवतो. ज्या दिवशी त्या मुलाच्या मनात देवाविषयी शंका येईल, त्याच रात्री तो टाकीची झडप उघडील. संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे वेगळे होते. आपण आपल्याच हिताविरुद्ध वागतो, तेव्हाच देव आपल्यामुळे दुखावतो, असे ते मांडतात. म्हणजे कृत्य वाईट असते म्हणून त्याला मनाई आहे, मनाई आहे म्हणून ते वाईट ठरलेले नाही.

मग पाचवा मासा घेण्यात वाईट काय? थंड पाण्यात मासे फार सावकाश वाढतात. लेक ट्राउट जातीच्या मादीला अंडी घालण्याजोगे व्हायला सहसा सहा-सात वर्षे लागतात, उत्तरेकडे त्याहूनही जास्त. हौशी माणूस काठाला ओढतो तो मोठा मासा कधी कधी त्याच्या शाळकरी मुलाहून वयाने मोठा असतो. पाच मासे नेल्याने तळे रिकामे होत नाही, हे तो बरोबर सांगतो. पण त्याच्यासारखेच बरोबर सांगणारे दोनशेजण एका उन्हाळ्यात तिथे येऊन गेले, तर दहा वर्षांनी गळ टाकणारा कोणीतरी रिकाम्या हाताने परत जातो. त्या माणसाला आज कोणी ओळखत नाही. जसे चोरणाऱ्याला कोणी पाहत नाही, तसेच ज्याचे चोरले जाते तोही दिसत नसतो.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल. हे अरण्य १९२५ साली रिकामे नव्हते. क्री आणि ओजिब्वे लोक पिढ्यान् पिढ्या तिथे शिकार, सापळे आणि मासेमारी यांवर जगत होते. मिसिनायबीच्या कड्यावर त्यांच्या पूर्वजांनी लाल गेरूने काढलेली शंभराहून अधिक चित्रे आजही आहेत. १९०६ साली न्यू ब्रन्सविक हाउस येथे त्यांच्याशी करार झाला, त्यात शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क मान्य करण्यात आला होता. रेल्वे आल्यावर बाहेरच्या सापळेवाल्यांनी प्राणी संपवत आणले, म्हणून जंगल राखीव झाले. आणि त्या राखीव सीमेच्या आत ज्यांची वस्ती होती, त्यांच्याच शिकारीवर बंदी आली. त्यांना तेथून निघावे लागले आणि पुढे बरीच वर्षे स्वतःची जमीन नसतानाच राहावे लागले. दूरच्या राजधानीत कागदावर सही करणाऱ्यांनाही त्या वेळी पाहणारे कोणी नव्हते. त्यांनी नियम मोडला नाही, उलट नियम केला. सज्जन माणूस नियम पाळतो एवढीच आपली व्याख्या असेल, तर या प्रकरणात ती उपयोगी पडत नाही. आज तिथे शांततेसाठी जाणाऱ्याने ती शांतता काही अंशी कशी निर्माण झाली हे जाणून जावे, असे आम्हाला वाटते. त्यामुळे त्याने जाऊ नये असे नाही.

आता नातवाकडे येतो, कारण त्याने फोनवर आम्हाला अडचणीत टाकणारी एक गोष्ट विचारली. "फादर, माझे चार झाले होते. पाचव्याने गळ खोल गिळला, काढताना रक्त आले. तो जगणार नाही हे मला दिसत होते. तरी नियमाप्रमाणे लगेच सोडायचा. मी सोडला. मरायचाच होता, तर अन्न वाया का घालवायचे?"

अन्न टाकू नये हे आपल्या घरातले पहिले शिक्षण. एकट्या त्या माशाचा विचार केला तर तो खाणेच शहाणपणाचे. पण जखमी मासा ठेवायला परवानगी दिली की जखमी कोणता हे पकडणाराच ठरवणार, आणि मग चौथ्या माशानंतरचा प्रत्येक मासा थोडासा जखमी निघणार. पाहणारे कोणी नसते तिथे नियमात पळवाट ठेवून चालत नाही, म्हणून तो तसा कठोर असावा. आम्ही त्याला दोनच गोष्टी सुचवल्या. गळाचे उलटे काटे पकडीने दाबून टाकावेत, म्हणजे मासा कमी फाटतो. आणि चार झाले की गळ टाकणेच थांबवावे, नुसते तळ्यात फिरून यावे.

तो म्हणाला, थांबणे अवघड जाते, कारण संध्याकाळीच मासा चांगला लागतो. मग तो पुढचे सांगू लागला. पोट वर करून तरंगणारा तो मासा होडीपासून जेमतेम पन्नास हात गेला असेल, तेवढ्यात पांढऱ्या डोक्याचा गरुड खाली आला आणि त्याला घेऊन पलीकडच्या झाडावर जाऊन बसला.