चटया गुंडाळा, आज आसनं नाहीत

आज आसनं नाहीत. चटया गुंडाळा आणि भिंतीला टेकून बसा. मागच्या दोन खिडक्या कुणी लावल्या? उघडा त्या. पूर्ण उघडा.

काल सकाळी या हॉलमध्ये काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. उष्ट्रासनातून वर येताना एक मुलगी डोलली. मी हात दिला नसता तर डोकं फरशीवर आपटलं असतं. तळवा थंडगार आणि ओला, ओठ पांढरे, जीभ टाळूला चिकटलेली, तोंडातून शब्द फुटेना. आडवी निजवली, पाय उशीवर ठेवले, भानावर आहे याची खात्री करून मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटानं पाजलं, तेव्हा पंधरा मिनिटांनी बोलली. आदल्या संध्याकाळी घरी खोली बंद करून, कूलर बंद करून, मोबाइलवर बघत दीड तास ‘हॉट योगा’ केला होता. एकादशी, म्हणून पोटात अन्न नाही. पाणीही जेमतेम. आणि मान धड सावरत नव्हती तरी मला अभिमानानं सांगते, “सर, दीड किलो उतरलं.”

तुमच्यातल्या चौघांनी तेव्हा तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. मला दिसलं ते. म्हणून आजची बोलणी तिला नाहीत. ती घरी झोपली आहे. ही तुम्हाला आहेत.

दीड किलो काय उतरलं? पाणी उतरलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तिसरीतल्या पोरालाही येतं. एक किलो चरबी जाळायला सुमारे 7,700 कॅलरी लागतात आणि तापलेल्या खोलीतल्या अख्ख्या वर्गात काही शे कॅलरी खर्च होतात. गेलेलं वजन दोन तांबे पाण्यानं परत येतं, आणि यायलाच हवं. ते परत येऊ दिलं नाही म्हणून पोरगी पडली.

दुसरं पालुपद, “घामावाटे शरीरातलं विष जातं.” कुणी शिकवलं? घाम म्हणजे पाणी आणि मीठ. रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं करतात आणि यकृत त्यांच्या जोडीला असतं. शरीरातलं पाणी आटलं की याच मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं. शुद्धीच्या नावाखाली तुम्ही शुद्धी करणाऱ्यालाच उपाशी ठेवता.

नागपूरचे आहात ना? मग कूलर तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात ताट्यांवरून पाणी झिरपतं, कोरडी हवा त्यातून ओढली जाते, पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. खोली गार होते. तोच कूलर जुलैत लावून बघा. पंखा तोच, पाणी तेच, ताट्या त्याच, आणि खोलीत नुसती चिकचिक. हवा आधीच ओली असते, पाणी उडणार कुठे?

तुमचं शरीर नेमकं असंच चालतं. कातडीवरचा घाम वाळतो तेव्हा अंग निवतं. वाळलेला घाम कामाचा, चटईवर टपटप गळलेला घाम वाया गेलेला. तुम्ही दारं-खिडक्या लावता, वीस जणांचे श्वास आणि वीस जणांचा घाम त्या खोलीत कोंडता आणि भर वैशाखात स्वतःच्या हातानं जुलै तयार करता. शरीर घामामागून घाम सोडत राहतं, पण निवत नाही. आतला पारा चढत जातो. अमेरिकेत अशा वर्गातल्या निरोगी, सवयीच्या माणसांचं आतलं तापमान मोजलं, तेव्हा काहींचं 39 अंशांच्या पुढे गेलेलं आढळलं. 40 अंशांवर उष्माघाताचा उंबरा असतो. त्या उंबऱ्यावर तुम्ही एका पायावर तोल सांभाळत उभे राहता.

हा प्रकार आला कुठून, तेही ऐका. कोलकात्याचे बिक्रम चौधरी 1970 च्या दशकात परदेशात गेले. 26 आसनं, दोन श्वासाचे प्रकार, 90 मिनिटं आणि 40 अंशांच्या वर तापवलेली खोली, असा साचा त्यांनी रूढ केला. आपल्या देशातली ऊब थंड मुलखात मिळावी म्हणून खोल्या तापवल्या, असं तिकडे सांगतात. या क्रमावर त्यांनी मालकीही सांगितली होती, ती 2015 साली अमेरिकेतल्या न्यायालयानं फेटाळली. आता विचार करा. हिंदुस्थानच्या उन्हाची नक्कल थंड देशात हीटर लावून करतात, आणि जिथे अस्सल ऊन 45 अंशांवर जातं त्या नागपुरात तुम्ही त्या नकलेची नक्कल करता. नवतपा दारात असताना!

“पण सर, तापलेल्या खोलीत हठयोग मुरतो,” असं मला परवा एकानं सुनावलं. ग्रंथ उघडून पाहिलाय का कधी? घेरंड संहितेत स्पष्ट सांगितलंय की योगाभ्यासाला सुरुवात वसंतात किंवा शरदात करावी. ग्रीष्मात करू नये. वाग्भटानं अष्टांगहृदयात व्यायाम अर्ध्या ताकदीनं करायला सांगितला, तोही थंडीत आणि वसंतात. एरवी त्याहून कमी, आणि ग्रीष्मात सोडून द्यायला. ज्यांच्या नावानं तुम्ही घाम गाळता त्यांनीच हात जोडून थांबवलंय.

याच शहरात रामनगरला जनार्दनस्वामींनी 1951 साली योगाभ्यासी मंडळ सुरू केलं. तिथे माणसं चटई आणि मोकळी हवा एवढ्यावर आसनं शिकली, तीही फी न देता. हीटर कुणाला लागला नाही. आसन स्थिर झालं का, श्वास सरळ आहे का, हेच विचारलं जातं. टी-शर्ट पिळून किती निघालं, हे माझ्या 32 वर्षांच्या शिकवण्यात मी कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

आता नीट ऐका. माझं ऐकून सगळे सोडतील, अशा भ्रमात मी नाही. म्हणून ज्यांना करायचंच आहे त्यांनी हे नियम पाठ करा.

होळीपासून मृगापर्यंत तापलेल्या खोलीत आसन नाही. पौषात रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा ऊबदार खोलीत केलंत तर मी अडवणार नाही. पण पहिल्याच दिवशी 90 मिनिटं नाहीत. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. वीस मिनिटांपासून सुरू करा आणि रोज थोडं वाढवा.

ज्यांना हृदयाचा त्रास आहे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, मधुमेहाचं इन्शुलिन आहे, फिट येतात, दिवस गेलेत किंवा पूर्वी कधी ऊन लागलंय, त्यांनी त्या खोलीचा उंबराही ओलांडू नये. ताप, जुलाब, जागरण, आदल्या रात्रीची दारू, निर्जळी उपास, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी शवासन आणि घर.

दोन तास आधी दोन पेले पाणी. मधे तहान लागली की घोट घ्यायचा. “वर्गात पाणी पिऊ नका” म्हणणाऱ्या शिक्षकाचा वर्ग त्याच दिवशी सोडायचा. आधी आणि नंतर वजन करा, पण मिरवायला नाही: जितकं उतरलं तितकं पाणी अंगातून गेलं, ते हळूहळू भरून काढायचं. एका दमात तीन लिटर साधं पाणी ढोसलंत तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचं. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. कैरीचं पन्हं तुमच्या आजीनं उगाच करून ठेवलेलं नसायचं. लघवी गडद पिवळी दिसली तर अजून तहानलेले आहात.

तापलेला स्नायू जास्त ताणला जातो आणि तुम्हाला वाटतं, लवचीकपणा आला. स्नायू परत आखडतो, पण सांधा बांधून ठेवणारे लिगामेंट एकदा सैल झाले की सहजी पूर्ववत होत नाहीत. थंड खोलीत जिथे थांबता, गरम खोलीतही तिथेच थांबा.

खोलीत तापमान आणि दमटपणा दाखवणारा मीटर आहे का, दार आतून उघडतं का, मधेच उठून जाता येतं का, हे आधी विचारा. आणि मीटरवरही आंधळा विश्वास नको. 30 मे 2024 ला आपल्या शहरातल्या स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले होते आणि हवामान खात्याला संवेदक बिघडल्याचं सांगावं लागलं. तिथे चूक होते, तर भिंतीवरच्या स्वस्त मीटरचं काय? डोकं ठणकलं, मळमळलं, पोटरीत गोळा आला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंगावर एकदम काटा आला, तर आसन सोडायचं आणि बाहेर यायचं. शेजारचा काय म्हणेल याचा विचार करायचा नाही. वर्ग सुटल्यावर अर्धा तास सावलीत बसा. घामेजल्या अंगानं दुपारी गाडीला किक मारून वर्धा रोडच्या उन्हात शिरू नका.

आणि कुणी बरळायला लागलं, चालताना झोकांड्या द्यायला लागलं, शुद्ध हरपली, तर ती चक्कर समजू नका, उष्माघात समजा. 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत गार करत राहायचं: कपडे सैल, अंगावर पाणी, पंख्याचा वारा, मान, काखा आणि जांघांत बर्फ. बेशुद्धाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. कांदा हुंगवत बसायचं नाही. तिथे मिनिटं मोजली जातात.

मी रागावलोय, हो. काल त्या पोरीचा तो थंड तळवा माझ्या हातात होता आणि मला तिच्या आईला फोन करायचा होता. तो फोन करताना काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुमच्या घरी तसा फोन मला करायचा नाही.

उद्या सहाला या. पाण्याची बाटली आणा, न आणणाऱ्याला परत पाठवीन. आणि तुम्ही चौघं, आज संध्याकाळी तिच्या घरी जा. किती किलो उतरलं हे विचारायचं नाही. पाणी प्यायलीस का, जेवलीस का, झोप लागली का, एवढंच विचारा आणि मला येऊन सांगा.