कुलरवरचा होला

मे महिना. अकोटच्या घरात दुपारी खिडकीपासून दोन हात मागे बसा. बाहेर लोखंडी स्टँडवर कुलर आहे आणि त्याच्या माथ्यावर होल्याचं घरटं. घरटं कसलं, चार काड्यांची आडवी-उभी मांडणी. उठू नका, जवळ जाऊ नका. श्वास आपल्या चालीनं येऊ-जाऊ द्या.

होल्याकडे पाहा. तो हलत नाही. चोच किंचित उघडी, गळा थरथरतो आहे. पोटाखाली दोन पांढरी अंडी.

पक्षी अंडी उबवतो, असं आपण म्हणतो. अंड्यातल्या जिवाला साधारण ३७-३८ अंशांची ऊब लागते. इथे मात्र पारा ४४ वर गेला आहे. मग हे बसणं कशासाठी?

या प्रश्नापाशी थोडं थांबा.

पहाटेच्या गारव्यात जी ऊब असते, तीच दुपारी सावली होते. बसणारा तोच, जागाही तीच. ऊन जिथून येतं, तिकडे त्यानं आपली पाठ केली आहे.

दुसरा होला येतो. पहिला उठतो, दुसरा बसतो. नर-मादी पाळीनं बसतात, जवळपास दोन आठवडे. मग पिल्लं निघतील, डोळे मिटलेली. पहिले काही दिवस दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दुधासारखं अन्न तयार होईल. पिल्लू आपली चोच त्यांच्या चोचीत घालून ते घेईल. आईच्या वाट्याचं म्हणून आपण जे ओळखतो, ते इथे बापही देतो.

आता डोळे मिटा. तुमच्यासाठी उन्हाकडे पाठ करून कोण बसलं होतं? वावराच्या धुऱ्यावर, निंबाच्या फांदीला झोळी. ऊन फिरेल तसं झोळीवरचं लुगडं सरकवणारी माय. तिचा चेहरा आठवेल, नाहीतर फक्त तो हात. जे येईल ते येऊ द्या.

पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे महिनाभर, हा कुलर बंद राहील. घरातली माणसं रात्री गच्चीवर निजतील, दुपारी पंख्याखाली घाम पुसतील. अंगणात सावलीला पाण्याचं पसरट भांडं असेल. या घामातही थोडं उबवणं आहे.

डोळे उघडा. चार वाजले. ऊन स्टँडच्या या बाजूला आलं आहे. होला अंगाखालची अंडी उघडी न पाडता जरासा वळला, उन्हाकडे पाठ करून.

तुम्ही बसून राहा.