काटकसर की लोभ?

अमेरिकेत वर्तमानपत्रांतून सवलतीच्या चिठ्ठ्या येतात. त्यांना कूपन म्हणतात. कारखानदाराची चिठ्ठी दुकानदाराच्या सवलतीवर चढवली की जिन्नस कित्येकदा फुकटच पडतो. २००८ च्या मंदीत पुष्कळ संसारांना याचा आधार झाला. पुढे टीएलसी वाहिनीने २०१० पासून असे कूपनबहाद्दर दाखविले. त्यांच्या घरी साबण, दंतमंजन यांच्या भिंतीच्या भिंती!

मिळकत थोडी नि खाणारी तोंडे फार, अशा घरी बाईने चिठ्ठ्या कातरल्या तर तो प्रपंचधर्मच, असे आम्ही म्हणतो. पण बत्तीस दातांना शंभर नळ्या? श्रोते म्हणतील, “महाराज, चोरी तर नाही ना केली?” नाही केली. मात्र मागून येणाऱ्या गरीब बाईच्या हाती चिठ्ठी आहे आणि फळी रिकामी, तिने काय करावे? पतंजलींनी यमांत अस्तेयानंतर अपरिग्रह वेगळा सांगितला, तो उगीच नव्हे. (चिठ्ठी काढणारा व्यापारीही कोणी कर्ण नव्हे बरे, त्याला गिऱ्हाईक हवे असते!)

चटक लागली म्हणजे अस्तेयही टिकत नाही. २०१२ साली फिनिक्स शहरी खोट्या चिठ्ठ्यांचा मोठा धंदा पोलिसांनी पकडला. काहीजणी मात्र साठ्यातले जिन्नस गरिबांच्या अन्नकेंद्रांना देतात. त्यांना आमचा दंडवत. फक्त एवढेच विचारावेसे वाटते, की देण्यासाठी घेतले, की ठेवायला जागा उरली नाही म्हणून दिले?