नवस, जागरण आणि श्वासांची मोजणी

पोळ्याच्या दिवशी विदर्भात सगळ्यांचे डोळे बैलांकडे लागलेले असतात. त्याच अमावास्येला पिठोरीही असते आणि तिचा उपास आईचा. संध्याकाळी चौसष्ट योगिनींची पूजा झाली की ती वाण डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, ‘अतीत कोण?’ मागे उभं असलेलं लेकरू उत्तर देतं, ‘मी!’

या व्रताची कहाणी मात्र गोडगोड नाही. दरवर्षी याच अवसेला सून बाळंत होते, दरवर्षी मूल दगावतं आणि शेवटी सासरा मेलेलं मूल तिच्या ओटीत घालून तिला रानात हाकलून देतो. मृत्यूचं खापर आईवर फोडण्याची रीत किती जुनी आहे, ते यातून कळतं. रानात तिला योगिनी भेटतात आणि तिची सगळी मुलं उठून बसतात. श्रावणातली जिवती घ्या, पाचवीची सटवाई घ्या, आयांची बहुतेक व्रतं या एकाच भीतीपोटी जन्मली आहेत.

हीच भीती एका पुराणकथेतही आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते, त्या मार्कंड्याला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते. मृकंड ऋषींना शंकराने दोन पर्याय दिले, अशी इथली कथा आहे: दीर्घायुषी पण मंदबुद्धीचा मुलगा, नाहीतर सोळाच वर्षांचा गुणी मुलगा. आईबापांनी गुणी मुलगा मागितला आणि सोळाव्या वर्षी त्याने स्वतःच शिवलिंगाला मिठी मारून यमाला परतवलं. ती सोळा वर्षं त्याच्या आईने, मरुद्वतीने, कशी काढली असतील? त्याबद्दल कथा फारसं बोलत नाही.

गडचिरोलीच्या आयांच्या वाट्याला काय आलं, त्याचे मात्र आकडे आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1988मध्ये इथल्या शंभरावर गावांत बालन्यूमोनियाचा अभ्यास सुरू केला. गावांच्या एका गटात नेहमीचीच व्यवस्था होती, तिथे न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांमागे तेराहून अधिक मुलं दगावत होती. त्या घरांत कुणी देवाला हात जोडले नसतील, असं थोडंच आहे? दुसऱ्या गटातल्या गावांत सुईणी आणि आरोग्यसेवक श्वास मोजून औषध देऊ लागले, तेव्हा हेच प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मणी सरकवायचं एक साधं यंत्रही तयार झालं.

म्हणून प्रार्थना निरुपयोगी ठरते का? अमेरिकेत बायपास झालेल्या 1,802 रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2006मध्ये आले: अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा रुग्णांना काही फायदा झाला नाही. पण तो प्रयोग आईच्या प्रार्थनेबद्दल काहीच सांगत नाही. अनोळखी माणूस प्रार्थना करून झोपी जातो. आई उशाशी बसून राहते, आणि तिच्या प्रार्थनेचं खरं बळ या बसून राहण्यात आहे. बाळाने दूध ओढणं कमी केलं, रडणं क्षीण झालं, हातपाय ढिले पडले, अंग गार लागतंय, हे सगळ्यांत आधी तिच्याच ध्यानात येतं. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला ‘सर्च’ने सात लक्षणं ठरवली, त्यांत नेमक्या याच गोष्टी आहेत. सातांतली कोणतीही दोन एकदम दिसली की उपचार सुरू. गावातलीच शिकवून तयार केलेली आरोग्यदूत घरी येऊन इंजेक्शन देई. 39 गावांत हा प्रयोग झाला आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने 62 टक्क्यांनी घटला. 1999मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्याचे निष्कर्ष छापले. 2011पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या, त्याचं मूळ इथे आहे.

आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असं बंगांनी त्यांनाच विचारलं होतं. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण पांढरं कापड मढ्यावर घालतात. सोबतच्या माणसांना राहायला जागा नसते, अशी उत्तरं आली. मग ‘सर्च’च्या शोधग्राम परिसरातला दवाखाना पाड्यासारखा, झोपड्यांचा झाला आणि लोकांच्याच इच्छेने त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं गेलं. तिथे देवीची जत्रा भरते आणि त्याच जत्रेत लोक आपल्या आरोग्याचे प्रश्न मांडतात. देव सोडा, मग औषध घ्या, अशी अट तिथे कुणी घातली नाही. अनेक सुधारकांना हा शहाणपणा जमलेला नाही.

तरी पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क अजूनही तुटतो. कधी गरोदर बाईला खाटेवरून आणावं लागतं, कधी जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाला पार करावा लागतो. प्रसूतीच्या आधीच काही दिवस येऊन राहता यावं म्हणून सरकारने आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघरं’ काढली आहेत. पण घरची मोठी लेकरं, गुरं आणि ऐन रोवण्याचे दिवस मागे टाकून तिथे जाऊन राहणं किती जणींना परवडतं?