खडी आमनी, गाडी त्यासनी

मागच्या महिन्यात भाच्यानं विचारलं, 'मामा, जाऊ का नको?'

हिमालयात रेल्वेचे बोगदे खणताहेत. एका ठेकेदाराचा माणूस आमच्या तालुक्यात पोरं गोळा करत फिरत होता. पगार शिंदखेड्यात कुणी देणार नाही इतका. खाणं-राहणं त्यांचं. पोरगा आयटीआय झालेला, दोन वर्षं घरी बसून. बहीण म्हणते नको, मेहुणे म्हणतात जाऊ द्या. माझ्याकडे आला, कारण घरात चार बुकं वाचलेला मीच. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देतो आहे, आणि चारचौघांत देतो आहे, कारण हा सवाल त्याच्या एकट्याचा नाही.

माझा आजा गँगमन होता. एकोणिसावं शतक सरता सरता तापीच्या खोऱ्यातून सुरतेची लाइन आली. तिच्यावर दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा ह्या पट्ट्यात त्यानं जन्म काढला. चैत्र-वैशाखात रूळ असा तापायचा की हात टेकवत नसे. स्लीपरखाली खडी ठोकून बसवायची. गाडी आली की अवजार उचलून बाजूला उभं राहायचं. गाडी निघून गेली की आजा म्हणायचा, 'खडी आमनी, गाडी त्यासनी.' आम्ही पोरं हसायचो. त्याच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं, हिशेब होता. पण हिशेब अपुरा होता असं मला आता वाटतं. गाडी खरंच त्यांची होती का? आणि खडी आमची म्हणजे नेमकं काय आमचं?

ह्याचं उत्तर शोधायला डोंगरात जावं लागतं. सपाटीवर रूळ टाकताना माणूस थकतो. डोंगरात मरतो.

१८५५ साली पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. 'ज्ञानोदया'त तो छापून आला. मोठ्या लोकांच्या इमारतींच्या पायात मांग-महारांना जिवंत पुरत असत, हे तिनं त्यात सांगितलं. तो निबंध छापून वर्ष होतं न होतं तोच, १८५६ साली, पुण्याच्या अलीकडे बोरघाटात रेल्वेचं काम सुरू झालं. पाया भरायची जुनी रीत संपली आणि नवी सुरू झाली, एवढंच म्हणायचं.

पंधरा-सोळा मैलांची चढण. उंची सुमारे अठराशे फूट. पंचवीस बोगदे, सगळे हातानं. जिथं उभं राहायला जागा नाही तिथं माणसाला दोरानं कड्यावरून खाली सोडायचं. त्यानं लोंबकळत कातळाला भोक पाडायचं आणि त्यात दारू ठासायची. १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांवर माणसं ह्या घाटात राबत होती. त्यांत बाया होत्या, पोरं होती. पटकी आली की तळच्या तळ ओस पडायचे. हजारो मेले. किती ते कुणी धड मोजलं नाही. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी दंगा झाला. कंपनीनं काम दिलं ठेकेदाराला, ठेकेदारानं पोटठेकेदाराला, त्यानं मुकादमाला. मजुरी ह्या साखळीतून खाली येता येता आटायची. पुढच्याच वर्षी, १८६० साली, मालक-मजुरांच्या तंट्याचा कायदा आला. त्यात मजुरी ठरवून द्यायची सोय होती, तशीच काम सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंगात घालायचीही होती.

ट्रेडवेल नावाचा ठेकेदार १८५९ साली आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोनं, अॅलिस ट्रेडवेलनं, ठेका पुढे चालवला. तिचं नाव आज कौतुकानं घेतात. घ्यावं. पण त्याच घाटात डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायांपैकी एकीचंही नाव कुणाला सांगता येत नाही. १८६३ साली घाट खुला झाला. मुंबईत बोरीबंदरची इमारत झाली, तिच्यावर कंपनीच्या डायरेक्टरांची तोंडं दगडात कोरली. ती अजून आहेत. मान वर करून बघा.

आपण खानदेशी माणसं मुंबईला जातो ती थळघाटातून, कसारा-इगतपुरीच्या चढानं. तो १८६५ साली खुला झाला. तिथंही हेच. चहाचा कप हातात घेऊन बोगदे मोजत आपण जातो. मीही जातो. मग आता बोलायचं काय?

एक उत्तर पांढरपेशांकडे तयार असतं. विकासाची किंमत मोजावी लागते. ह्या वाक्यातली लबाडी नीट पाहा. बाजारात मी पैसे देतो आणि माल मीच घरी नेतो, ह्याला किंमत म्हणतात. पैसे एकानं द्यायचे आणि माल दुसऱ्यानं न्यायचा, ह्याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. मग ते 'बलिदान' म्हणतात. तेही खोटं. बलिदान ज्याचं त्यानंच करायचं असतं. दुसऱ्याच्या मरणाला मी बलिदान म्हणू शकत नाही. बोरघाटात कुणी देशासाठी मरायला आलं नव्हतं. ते मजुरीला आले होते, आणि ती मजुरीही वेळेवर मिळाली नाही.

दुसरं उत्तर उलट्या टोकाचं. मग रेल्वे नकोच. गांधींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेला शिव्याच घातल्या. रेल्वेनं रोगराई पसरते, दुष्काळ वाढतात, वाईटपणा वाढतो. हे मी मानत नाही. गावकुसाच्या आत ज्याचं घर आहे त्यालाच गाव सोडायचं दुःख. आमच्या माणसाला गावानं काय दिलं होतं, तर मेलेलं ढोर आणि शिळा तुकडा. रेल्वे आली तेव्हा वेशीबाहेरचा माणूस पहिल्यांदा तिकीट काढून बसला, आणि त्या तिकिटावर जात छापलेली नव्हती. आजाच्या पगारावर माझा बाप शिकला. मी रेल्वेला शिवी दिली तर ती आजाच्या हातांना लागते.

तिसरं उत्तर शहाण्यांचं. रेल्वेच जात मोडेल. मार्क्सनं १८५३ साली लिहिलं होतं की रेल्वेतून येणारा नवा उद्योग वंशपरंपरेची कामाची वाटणी मोडून काढील, आणि जात तिच्यावरच उभी आहे. चांगला माणूस, मोठा माणूस. पण त्यानं चाळीसगाव स्टेशन पाहिलं नव्हतं.

१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. सरकारनं नेमलेल्या कमिटीचे मेंबर. धुळ्याच्या लाइनीवरच्या एका गावात बहिष्काराची चौकशी करून परतत होते. आगगाडीनं त्यांना बिनबोभाट आणलं. पण स्टेशनाबाहेर एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याला सराव नव्हता. नाल्यावरच्या पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले, पाय मोडला. रूळ संपला तिथं गाव सुरू झालं. ही गोष्ट परक्या मुलखातली नाही, आपल्या खानदेशातली आहे.

आणि रुळावर तरी काय होतं? १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो, पोर्टर म्हणून लागत नाही. का? तर पोर्टराला स्टेशनमास्तर घरकामाला वापरतो आणि महाराच्या हातचं पाणी त्याला चालत नाही. म्हणजे मार्क्सनं लिहिल्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनी जातीनं रेल्वे मोडली नाही आणि रेल्वेनं जात मोडली नाही. दोघींनी जुळवून घेतलं. खडी ठोकायला कुणाचा हात चालतो आणि घडा भरायला कुणाचा, हे ठरून गेलं.

मग स्मारक बांधायचं का? कोकण रेल्वे १९९८ साली पुरती सुरू झाली. ती बांधताना मेलेल्या कामगारांचं स्मारक रत्नागिरीला आहे. बोरघाटापेक्षा एवढं पाऊल पुढे पडलं. ते मी नाकारत नाही. पण स्मारक मेल्यावर मिळतं. मला जिवंतपणी काय मिळतं ते विचारायचं आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरात उत्तराखंडात सिलक्याऱ्याचा बोगदा ढासळला. तो रस्त्याचा होता, पण डोंगर तोच. एकेचाळीस मजूर सतरा दिवस आत. परदेशातून तज्ज्ञ आले, मोठं यंत्र आलं, ते शेवटच्या टप्प्यात तुटलं. मग बारा माणसं पाईपात शिरली आणि हातानं माती उकरत गेली. कोळशाच्या खाणीत अशा उंदराच्या बिळांसारख्या खणण्यावर २०१४ पासून बंदी आहे. ही माणसं बहुतेक दलित आणि मुसलमान. देशानं टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एकाचं दिल्लीतलं घर २०२४ च्या फेब्रुवारीत अतिक्रमण म्हणून पाडलं गेलं. २०२५ च्या जूनमध्ये काश्मीरची लाइन पुरी झाली. चिनाबवरचा पूल नदीपासून ३५९ मीटर उंच. फोटो पाहून छाती भरून आली, खोटं कशाला बोलू? आणि लगेच वाटलं, त्या कमानीवर दोराला लोंबकळून कोण होतं?

आता हे लांबचं राहिलेलं नाही. मनमाड-इंदूर लाइनीला २०२४ च्या सप्टेंबरात केंद्राची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटर, अठरा हजार कोटींवर खर्च. ती धुळ्याहून आपल्या नरडाण्याला येणार, शिरपुरावरून सातपुडा चढून सेंधव्याकडे जाणार. तिथं पावरा, बारेला, भिल्ल आहेत. जंगल त्यांचं, पायवाटा त्यांच्या. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेच्या हातात बोलायचा अधिकार आला. आणि २०१३ साली केंद्राच्या पर्यावरण खात्यानं रस्ते, रूळ, कालवे अशा लांबलचक कामांना ग्रामसभेच्या संमतीतून बहुतेक ठिकाणी सूट देऊन टाकली. बोरघाटात शिंग्रोबा धनगराचं देऊळ आहे. घाटाची वाट त्यानंच साहेबाला दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा साहेबानं त्याला गोळी घातली, असं लोक सांगतात. खरंखोटं राहू द्या. पण वाट ज्याला ठाऊक त्याला विचारायचं नाही, ही रीत लोकांनी बरोबर ओळखली आहे.

ह्या सगळ्यात मला आजाची एक वस्तू आठवते. लाल झेंडी. रूळ तडकलेला दिसला तर ती घेऊन लाइनीवर उभं राहायचं, आणि येणारी गाडी थांबवायची. मेल असो, एक्सप्रेस असो, आत लाटसाहेब असो. ड्रायव्हरला थांबावंच लागायचं. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्याच्या हातातली झेंडी चालायची. सगळ्या रेल्वेत माणूसपणाची एवढी एकच जागा मला सापडते. आजाच्या हिशेबात ती राहून गेली होती.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. ज्याच्या अंगावर धोका, त्याच्या हातात झेंडी. डोंगर कुणाच्या अंगावर पडणार, त्यानं काम थांबवायचं ठरवावं आणि थांबवल्याबद्दल त्याची हजेरी कापू नये. गाव कुणाचं उठणार, त्यानं हो म्हणावं किंवा नाही म्हणावं, आणि त्या नाहीला वजन असावं. हे असेल तर रेल्वे आपली. उंचात उंच डोंगरावर न्या, आम्ही खडी वाहू. हे नसेल तर पूल कितीही उंच होऊ द्या, पायात पुरण्याची ती जुनीच रीत.

भाच्याला मी लिहिलं ते असं. जा किंवा जाऊ नको, ते तुझं तू ठरव. भुकेला उपदेश करायला मी महाराज नाही. पण जायचं तर कागद तुझ्या नावाचा घे, मुकादमाच्या तोंडी हवाल्यावर जाऊ नको. फंडाचा नंबर विचार. बोगद्यात शिरण्याआधी विचार, ही वाट बुजली तर बाहेर यायची दुसरी वाट कुठं आहे. आणि विचार, पाणी झिरपताना मला दिसलं, तर काम थांबवायचा हुकूम कोण देणार. ते हसले, तर समज की झेंडी तुला दिलेली नाही.

त्याचं उत्तर आलं आहे. अहिराणीत एकच ओळ.

'मामा, इचारं. त्या हासनात.'

तो अजून घरीच आहे. दोन वर्षं आणि एक महिना झाला.